चोऱ्या नेमक्या तिथेच का होतात? रिकामा प्लॉट, बंद दिवे आणि आपण

खिडकीपाशी (धागाकर्ती)

गेल्या पाच महिन्यांत आमच्या गल्लीत चार प्रकार झाले. दोनदा पर्स हिसकावली, एका शाळकरी मुलाला अडवून मोबाइल काढून घेतला आणि एक घरफोडी. मग रीतसर बैठक झाली. अशा बैठकीत जे होतं तेच झालं: कॅमेरे बसवा, रखवालदार ठेवा, पोलिसांना निवेदन द्या. निवेदनावर सह्या झाल्या, फोटो निघाला, मंडळी घरी गेली.

मला झोप येईना म्हणून एका कागदावर गल्लीचा ओबडधोबड नकाशा काढला आणि चार फुल्या मारल्या. चारही फुल्या साठ पावलांच्या आत. तिथे काय आहे? वर्षानुवर्षं पडून असलेला एक प्लॉट, कंबरभर गवत, त्यात कुणीकुणी टाकलेला राडारोडा, आणि समोरचे दोन दिवे बंद. उरलेली सगळी गल्ली तशी निवांत आहे. एका तुकड्यामुळे अख्ख्या गल्लीचं नाव खराब झालंय.

मग वाचत सुटले. फिलाडेल्फियात अशा पडीक प्लॉटांवर एक मोठा प्रयोग झालेला आहे, निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. ५४१ प्लॉट घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची वाटणी केली. काही प्लॉटांवर कचरा उचलला, जमीन सारखी केली, गवत पेरलं, थोडी झाडं लावली आणि भोवती बुटकं लाकडी कुंपण घातलं, आत जायला वाट ठेवून. काहींवर फक्त सफाई आणि गवतकापणी. उरलेले होते तसेच ठेवले. गरीब वस्त्यांमध्ये गोळीबाराच्या घटना सुमारे २९ टक्क्यांनी कमी झाल्या, घरफोड्या सुमारे २२ टक्क्यांनी. मला त्याहून मोलाचा वाटला तो दुसरा आकडा: घराबाहेर बसणं, गप्पा मारणं हे आजूबाजूच्या लोकांच्या सांगण्यानुसार सुमारे ७६ टक्क्यांनी वाढलं.

यात कुणाला पकडलं नाही, कुणाला धाक घातला नाही. गवत कापलं, एवढंच.

इथे कुणी असं काही केलंय का? सुरुवात कुठून करायची? "आधी पोलिसांकडे जा" सोडून सांगा, ते करून झालंय.

---

शेवाळ

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही असाच एक प्लॉट आहे. मालक कोण हे कुणालाच माहीत नाही, पण 'तो कोर्टात आहे' हे मात्र सगळ्यांना माहीत आहे.

---

तिरकस_तिर्री

लेख छान आहे हो, पण गवत कापून चोर सुधारले असते तर एव्हाना सगळ्या तुरुंगांची माळ्यांनी बाग केली असती.

तुमच्या गल्लीत उजेड पडला की चोर शेजारच्या गल्लीत जाणार. तिकडे कुणीतरी आणखी एक धागा काढेल. फुगा इकडून दाबला की तिकडून फुगतो. चोराला पोट आहे ते आहेच.

---

आकडेमोड

तिरकसराव, फुग्याची शंका रास्त आहे, आणि ती तपासूनही झाली आहे. अनेकदा.

आधी मूळ मुद्दा. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात पोलिसांना आलेल्या वर्षभराच्या फोनकॉलची पत्तेवार मोजणी झाली होती, १९८९ साली ती प्रसिद्ध झाली. शहरातल्या जेमतेम तीन टक्के पत्त्यांवरून निम्मे कॉल आले होते. तीन टक्के! नंतर बऱ्याच शहरांत मोजून पाहिलं, चित्र फारसं बदललं नाही. धागाकर्तीच्या चार फुल्या साठ पावलांत पडल्या हा योगायोग नाही.

आता फुगा. गुन्हा सरकतो असं धरून लोकांनी शेजारच्या गल्ल्याही मोजल्या. बहुतेक वेळा पूर्ण सरकत नाही. उलट कधीकधी शेजारच्या गल्लीलाही थोडा फायदा होतो. कारण सोपं आहे. हिसकावणाऱ्याला नुसतं पोट असून भागत नाही, त्याला पळायला बोळ लागतो, लपायला झुडूप लागतं, वस्तू टाकायला जागा लागते, ओळखीची वेळ लागते. हे सगळं प्रत्येक गल्लीत मिळत नाही.

पण सगळंच गोड सांगत नाही. कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटामध्ये, १,९१९ रस्ते घेऊन फार मोठा प्रयोग झाला. काही रस्त्यांवर गस्त वाढवली, काहींवर सफाई आणि दिवे, काहींवर दोन्ही. तिथे चोऱ्यांसारखे मालमत्तेचे गुन्हे आजूबाजूला सरकल्याची चिन्हं दिसली. खून आणि बलात्कारासारखे हिंसक गुन्हे मात्र तसे सरकलेले दिसले नाहीत. म्हणजे तिर्री अर्धा बरोबर आहे. नेहमीप्रमाणे.

---

तिरकस_तिर्री

अर्धा तर अर्धा. घेतला.

पण मग हे ते 'फुटक्या खिडकीचं'च प्रकरण ना? एक काच फुटली की दुसरी फुटते वगैरे. त्याच्या नावाखाली रस्त्यावर बसणाऱ्या गरिबाला उचलून आत टाकलं जायचं, तेही वाचलंय मी.

---

उंबरठा

चांगला प्रश्न, आणि यात फार घोळ झालेला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

'फुटकी खिडकी' हा विल्सन आणि केलिंग यांचा १९८२ चा लेख. त्यात त्यांनी आधीच्या एका प्रयोगाचा दाखला दिला होता. १९६९ मध्ये झिम्बार्डो या मानसशास्त्रज्ञाने नंबरप्लेट नसलेल्या दोन गाड्या सोडून दिल्या, एक न्यूयॉर्कच्या गरीब ब्रॉन्क्स भागात, दुसरी कॅलिफोर्नियातल्या सुखवस्तू पालो आल्टोत. पहिलीचे सुटे भाग काही मिनिटांतच जायला लागले. दुसरीला आठवडाभर कुणी हात लावला नाही. मग झिम्बार्डोने स्वतःच तिच्यावर हातोडा घातला, आणि नंतर बाकीचे तुटून पडले. हा हातोड्याचा भाग लोक सांगताना खातात.

लेखाचा गाभा होता की जागेकडे कुणाचं लक्ष नाही असं दिसलं की पुढचं आपोआप घडतं. यातून निघणारं सरळ काम म्हणजे काच बसवणं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी काच तशीच राहिली आणि खिडकीखाली उभा असलेला पोरगा उचलला गेला.

कशाने फरक पडतो हे वेगळं करून पाहणारा एक अभ्यास मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल गावातला आहे, २००८ सालचा. गुन्ह्यांची ३४ ठिकाणं निवडून त्यांतल्या निम्म्यांवर एकदम सगळे उपाय केले: पडीक जागा साफ करणं, दिवे, कुलपं, किरकोळ गुन्ह्यांसाठी अटका, गरजूंना सामाजिक सेवांशी जोडून देणं. पोलिसांकडे येणारे कॉल सुमारे वीस टक्क्यांनी घटले. त्यात सर्वांत मोठा वाटा जागा बदलण्याच्या कामांचा निघाला. अटकांचा वाटा त्यापुढे लहान होता.

तेव्हा तिर्री, गवत कापणं आणि गरिबाला उचलणं हे एकाच पोत्यात घालू नकोस.

---

जुना_कंदील

मी नोकरीची सगळी वर्षं रस्त्यावरच्या दिव्यांच्या खात्यात काढली. निवृत्त आहे, वेळ आहे, म्हणून धागा दोनदा वाचला.

ताई, तुमचे दोन दिवे 'बंद' आहेत म्हणजे नेमके काय आहेत ते आधी बघा. दिवा गेलेला असतो, केबल तुटलेली असते, वेळ लावायचं घड्याळ बिघडलेलं असतं, किंवा दिवा नीट लागत असतो पण झाडाच्या फांद्यांत शिरलेला असतो. चारही तक्रारी वेगवेगळ्या माणसांकडे जातात. तुम्ही "गल्लीत अंधार आहे" असं लिहून दिलंत की तो कागद कुणाचाच नसतो. खांबावर नंबर रंगवलेला असतो. तो लिहा, दिवा रात्रभर बंद की मिणमिणतो ते लिहा, तारीख घाला. नंबर घातलेली तक्रार फिरते, बाकीच्या बसून राहतात. चाळीस वर्षं पाहिलंय.

दुसरं, लोक म्हणतात जास्त प्रखर दिवा द्या. चुकीचं मागताय. एका खांबावर डोळे दिपवणारा दिवा लावला की त्याच्या पलीकडचा कोपरा आधीपेक्षा काळा दिसतो. चोराला तोच कोपरा हवा असतो. उजेड सारखा पसरलेला हवा, समोरून येणाऱ्याचा चेहरा दहाबारा पावलांवरून ओळखू यायला हवा. झाडाच्या फांद्यांच्या खाली येईल असा बुटका खांब कित्येकदा उंच खांबापेक्षा बरा.

न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी वसाहतींत असेच चिठ्ठ्या टाकून तात्पुरते दिवे लावले होते, काही वसाहतींत लावले, काहींत नाही. रात्री घराबाहेर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. हे मला नातीने शोधून दिलं. आमच्या वेळी असं कुणी मोजलं असतं तर बजेट मागताना एवढं तोंड वाजवावं लागलं नसतं.

---

रात्रपाळी

कंदीलकाका, "समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू यायला हवा" हे वाक्य मी लिहून घेतलं.

मी रात्री साडेअकराला कामावरून सुटते. घरी जायला दोन रस्ते आहेत. जवळचा सहा मिनिटांचा, लांबचा चौदा. जवळच्या रस्त्यावर आजवर माझ्यासोबत काहीही झालेलं नाही. तरी तीन वर्षं मी लांबूनच जाते. कोणत्याही नोंदवहीत हा गुन्हा नाही, कारण गुन्हा घडलाच नाही. पण रोजची आठ मिनिटं माझी गेली. माझ्यासारख्या बाकीच्यांचीही जातात, आणि त्या रस्त्यावर कुणीच चालत नाही म्हणून तो आणखी ओस पडतो.

बैठकीत नकाशा काढणारे बहुतेक त्या वेळी त्या रस्त्याने चालणारे नसतात. १९८९ मध्ये टोरोंटोत मेट्रॅक नावाच्या संस्थेने यावर साधी पद्धत काढली. ज्या बायका खरोखर त्या रस्त्याने जातात त्यांनी अंधार पडल्यावर एकत्र चालायचं आणि टिपायचं: इथे पुढचं दिसत नाही, इथे ओरडलं तर कुणाला ऐकू जाणार नाही, इथून पळायला वाट नाही. पुढे ती जगभर वापरली गेली. यासाठी ना निधी लागतो ना परवानगी. धागाकर्तीने तेवढं तरी करावं. दिवसा काढलेला नकाशा अर्धाच असतो.

---

शेवाळ

हे अंगावर आलं. आमच्या घरातही 'लांबचा रस्ता' आहे. आजवर कुणी त्याबद्दल बोललंच नव्हतं.

---

चौकटराजा

एवढं सगळं करण्यापेक्षा चांगले कॅमेरे बसवा, विषय संपला. आमच्याकडे बसवले, शिवाय व्हॉट्सॲप ग्रुप आहे. अनोळखी माणूस दिसला की फोटो ग्रुपवर. पाखरू फिरकत नाही आता.

---

उंबरठा

चौकटराजा, कॅमेऱ्यांचा ठळक उपयोग वाहनतळांत दिसलेला आहे. मारहाणीसारख्या गुन्ह्यांवर फारसा नाही. घटनेनंतर तपासाला मदत होते, ते वेगळं.

आणि त्या ग्रुपबद्दल. आम्हीही असा ग्रुप काढला होता. दुसऱ्याच महिन्यात एका पार्सल पोचवणाऱ्या मुलाचा फोटो 'संशयित' म्हणून फिरला. तो पत्ता शोधत तीनदा गल्लीत आला होता, एवढाच त्याचा अपराध. दहाबारा जणांनी त्याला घेरलं. सुदैवाने त्याला ओळखणारं कुणीतरी तिथे आलं. तो हात जोडून उभा होता ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तुमच्याकडे फिरकेनासं झालेलं पाखरू कोण होतं, तेही एकदा पाहा.

---

चौकटराजा

आमच्याकडे तसं काही झालेलं नाही. पण ठीक आहे, फोटो टाकण्याबद्दल ग्रुपवर बोलतो.

---

आकडेमोड

शेजाऱ्यांनी लक्ष ठेवावं हे चूक नाही. कशावर ठेवावं, हा प्रश्न आहे. शिकागोत ३४३ वस्त्यांमधल्या ८,७८२ रहिवाशांच्या मुलाखती घेऊन १९९७ मध्ये एक अभ्यास आला, सॅम्पसन आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी विचारलेले प्रश्न पाहा. मुलं शाळा बुडवून कोपऱ्यावर टवाळक्या करत असतील तर शेजारी काही बोलतील का? भिंतीवर रंग फासत असतील तर? घरासमोर मारामारी झाली तर? शेवटचा प्रश्न तर भारी आहे: जवळचं अग्निशमन केंद्र बंद करायचा घाट घातला तर लोक एकत्र येतील का?

ज्या वस्त्यांत उत्तरं 'हो' होती आणि एकमेकांवर भरवसा होता, तिथे हिंसाचार कमी होता, गरिबीचा हिशेब वजा केल्यावरही. सगळे प्रश्न आपल्या गल्लीतल्या मुलांविषयी आणि आपल्या गल्लीतल्या गोष्टींविषयी आहेत. अनोळखी माणसाविषयी एकही नाही.

---

मधली_गल्ली

उशिरा आले. सगळं पटतंय, पण एक काटा आहे.

जागा सुधारली की तिचा भाव वाढतो. भाडं वाढतं. मग ज्यांच्यासाठी सुधारली ते राहूच शकत नाहीत. पाच वर्षांनी आकडे सुंदर येतात, कारण माणसंच बदललेली असतात. याला 'पुनरुज्जीवन' म्हणायचं का?

दुसरं टोक म्हणजे माणसं तीच ठेवून सगळं नवं बांधून द्यायचं. सेंट लुईसमध्ये प्रुइट-आयगो ही वसाहत अशीच मोठ्या हौसेने उभी केली होती. अकरा मजल्यांच्या ३३ इमारती. वीसएक वर्षांत तिची अशी अवस्था झाली की १९७२ पासून सुरुंग लावून पाडायला लागले. ऑस्कर न्यूमन या वास्तुविशारदाने त्याच वर्षी मांडलं की तिथले लांबलचक कॉरिडॉर आणि जिने कुणाचेच नव्हते, म्हणून ते गुंडांचे झाले. त्याने बोट दाखवलं ते रस्त्यापलीकडच्या कार स्क्वेअर व्हिलेज या छोट्या, बुटक्या वसाहतीकडे. लोक साधारण तसेच, आणि तिथे घरं भरलेली.

पण मला त्यातला दुसरा धागा जास्त महत्त्वाचा वाटतो. प्रुइट-आयगोची देखभाल रहिवाशांच्या भाड्यातून व्हायची होती. शहरातून लोक बाहेर जात होते, खोल्या रिकाम्या पडल्या, भाडं आटलं, लिफ्ट बंद पडल्या, दिवे गेले, मग आणखी लोक गेले. बांधायला पैसा होता, राखायला नव्हता. तुमच्या प्लॉटचंही तेच होईल. पहिल्या दिवशी शंभर माणसं येतील, फोटो निघतील. तिसऱ्या महिन्यात गवत कोण कापणार?

---

खिडकीपाशी

मधली_गल्ली, तुम्ही नेमका दुखरा भाग दाबलात. फिलाडेल्फियाच्या प्रयोगात ठरावीक दिवसांनी माणसं पुन्हा जाऊन गवत कापत, कचरा उचलत. मी पहिल्या वाचनात 'लावलं' तेवढंच वाचलं, 'राखलं' ते डोळ्यांखालून निसटलं.

दिव्यांचे दोन्ही खांबनंबर घेतले. एकावर नंबरच नाही, कंदीलकाका, आता काय?

---

जुना_कंदील

आधीच्या आणि पुढच्या खांबाचा नंबर लिहा, आणि 'या दोघांमधला' असं लिहा. शिवाय समोरच्या घराची खूण. झालं.

---

तिरकस_तिर्री

आता मी गंभीरपणे विचारतोय. 'भागीदारी' हा शब्द सगळीकडे ऐकू येतो. पोलीस आणि नागरिक खांद्याला खांदा वगैरे. याने काही होतं का, की नुसता हारतुऱ्यांचा कार्यक्रम?

---

उंबरठा

बऱ्याचदा हारतुरेच. ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा या सहा देशांत लोकाभिमुख पोलिसिंगचा एकत्रित अभ्यास झाला, २०२१ मध्ये निष्कर्ष आले. बैठका झाल्या, पायी गस्ती झाल्या. गुन्हे घटले नाहीत, लोकांचा पोलिसांवरचा विश्वासही वाढला नाही. अभ्यासकांनी दिलेली कारणं वाचताना हसू आणि रडू एकदम आलं: ओळख झालेल्या अधिकाऱ्याची बदली होते, वरिष्ठांच्या लेखी हे काम बिनमहत्त्वाचं असतं, आणि लोकांनी तक्रार सांगितली तरी तिच्यावर काही करायला माणूसबळच नसतं. सांगितलं आणि काही झालं नाही, की माणूस पुढच्या वेळी सांगत नाही.

पण एक उलट उदाहरण माझं लाडकं आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेलजवळची कर्कहोल्ट वसाहत, १९८० च्या दशकाचा मध्य. घरफोड्यांनी लोक हैराण. पोलीस, प्रोबेशन खातं (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणारं), घरं देणारी पालिका, वीज कंपनी, पीडितांना मदत करणारे स्वयंसेवक असे सगळे एकत्र बसले. त्यांनी आधी कुठलाही उपाय सुचवला नाही. ज्यांच्याकडे चोरी झाली त्यांना आणि पकडलेल्या चोरांनाही जाऊन विचारलं.

दोन गोष्टी कळल्या. एक, ज्या घरात एकदा चोरी झाली तिथेच पुन्हा व्हायची शक्यता फार मोठी. दुसरी, घराघरांत नाणी टाकून चालणारे वीज आणि गॅसचे मीटर होते. म्हणजे प्रत्येक घरात चोराची तिजोरी, तीही ठरलेल्या जागी!

मग नाण्यांचे मीटर बदलले. हे ना पोलिसांच्या हातात होतं ना रहिवाशांच्या, वीज कंपनी टेबलावर होती म्हणूनच झालं. चोरी झालेल्या घराच्या आजूबाजूच्या पाचसहा घरांनी तेवढ्याच घरावर लक्ष ठेवायचं ठरवलं. अख्ख्या वसाहतीवर पहारा नाही. काही वर्षांत घरफोड्या सुमारे तीनचतुर्थांशांनी घटल्या.

म्हणून मी बैठकीत एवढंच पाहते: टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाच्या हातात काहीतरी बदलण्याची कळ आहे का? नसेल तर चहा पिऊन घरी जायचं.

---

तिरकस_तिर्री

मीटरची गोष्ट आवडली. टोपी काढतो. (कायमची नाही.)

---

आकडेमोड

भागीदारीचं आणखी एक, थोडक्यात. बॉस्टनमध्ये १९९६ ला पोलीस, प्रोबेशन अधिकारी, रस्त्यावर काम करणारे कार्यकर्ते आणि चर्चमधली मंडळी यांनी मिळून टोळ्यांतल्या मोजक्या तरुणांना समोर बसवून सांगितलं: गोळी चालली तर सगळी टोळी रडारवर येईल, आणि बाहेर पडायचं असेल तर ही मदत तयार आहे. तरुणांच्या खुनांचं मासिक प्रमाण ६३ टक्क्यांनी घटलं. २००० च्या सुमारास ते काम थांबलं आणि खून पुन्हा वाढले. मधली_गल्लीचा तिसरा महिना इथेही आलाच.

संस्थांबद्दलही एक मोजणी आहे. अमेरिकेतल्या २६४ शहरांचा वीसेक वर्षांचा आढावा घेऊन २०१७ मध्ये शार्की आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एक लाख लोकांमागे गुन्हेगारी आणि वस्तीच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या दहा संस्था वाढल्या तर खुनांचं प्रमाण सुमारे नऊ टक्क्यांनी उतरतं. व्यायामशाळा, अभ्यासिका, पडीक जागा सांभाळणारे गट, सगळं यात आलं.

---

रात्रपाळी

मुलांना काम देण्याचंही कुणीतरी लिहा. शिकागोत धोक्याच्या वस्त्यांमधल्या १,६३४ शाळकरी मुलांवर प्रयोग झाला होता, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना उन्हाळ्यात आठ आठवड्यांची अर्धवेळ नोकरी आणि सोबत एक मोठं माणूस दिलं. पुढच्या सोळा महिन्यांत हिंसक गुन्ह्यांसाठी अटक होण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी. गंमत म्हणजे बरीचशी घट नोकरी संपल्यानंतरची आहे, तेव्हा 'मुलं कामात गुंतली होती' एवढ्याने ती उलगडत नाही.

---

खिडकीपाशी

सात आठवड्यांनी परत येतेय. काय झालं ते सांगते, सगळं चांगलं नाही.

रात्रीची फेरी काढली. अकरा जणी आलो. मी ज्याकडे पाहिलंही नव्हतं अशी जागा निघाली: प्लॉटच्या आधीचं वळण. तिथे एका घराची कुंपणभिंत पुरुषभर उंच आहे, पलीकडे कोण उभं आहे ते अंगावर येईपर्यंत कळत नाही. घरमालकांना भेटलो. आधी चिडले, मग त्यांची सूनच म्हणाली की मलाही तिथे भीती वाटते. कोपऱ्याचा भाग कंबरेपर्यंत उतरवून वर जाळी लावायला तयार झालेत. अजून लावलेली नाही.

प्लॉटचा मालक सापडला. तो कोर्टात वगैरे काही नाही, दुसऱ्या शहरात राहणारे एक वयस्कर गृहस्थ निघाले. त्यांना भीती होती की एकदा आत शिरलात तर जागा बळकावाल. त्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही. शेवटी लेखी दिलं: जागेवर आमचा हक्क नाही, पक्कं बांधकाम नाही, मागतील तेव्हा सोडू. त्यावर त्यांनी सफाईला परवानगी दिली. राडारोडा उचलायला पालिकेची गाडी तिसऱ्या खेपेला आली. गवतात दोन रिकाम्या पर्स सापडल्या, एक आमच्याच गल्लीतली. ती ओळखून बाई तिथेच खाली बसल्या.

एक दिवा लागला. बिननंबरी खांबाचा अजून नाही.

या सात आठवड्यांत एकही प्रकार झाला नाही. आकडेमोड म्हणायच्या आत मीच म्हणते, यावरून काही सिद्ध होत नाही.

आता भांडण. कोपऱ्यावर बसणारी पाचसहा मोठी मुलं आहेत, ज्यांच्याकडे सगळे संशयाने पाहतात. सफाईच्या दिवशी सर्वांत जास्त राडारोडा त्यांनीच ओढला. आता ती संध्याकाळी प्लॉटवर बसतात. अर्धी गल्ली म्हणते, हाकला, कुंपणाला कुलूप घाला. मी म्हणते, ती बसतात म्हणून तर तिथे माणूस दिसतो. काय करू?

---

मधली_गल्ली

कुलूप घालायचंच असेल तर किल्ली त्यांच्याकडे द्या.

---

चौकटराजा

मला वाटलं होतं मी 'हाकला' म्हणेन. पण राडारोडा ओढणाऱ्याला हाकलायचं हे बरोबर वाटत नाही. रात्री दहानंतर आवाज नको, एवढं सांगा. ऐकतात बहुतेक.

---

तिरकस_तिर्री

आणि गवत? तिसरा महिना जवळ आला.

---

खिडकीपाशी

तक्ता केलाय. बारा शनिवार, दर शनिवारी दोन नावं. चोवीस रकान्यांपैकी सतरा भरलेत, त्यांतले सहा त्या मुलांनी. किल्लीचं उद्या बोलते त्यांच्याशी.

---

जुना_कंदील

ताई, बिननंबरी खांबाच्या तक्रारीचा क्रमांक इथे टाकू नका, मला निरोपात पाठवा. खात्यात अजून एक-दोन जण फोन उचलतात माझा. आणि तक्त्यात माझं नाव घाला. वाकणं जमत नाही आता, पण कापलेलं गवत गोळा करीन.